प्रवराकाठचा खासदार : बाळासाहेब विखे पाटील

अहमदनगर जिल्ह्याच्या राजकारणात (ऑक्टोबर २०२४ पासून जिल्ह्याचे अधिकृत नाव अहिल्यानगर) खासदारकीला एक वेगळाच अर्थ प्राप्त झाला, तो प्रामुख्याने एका व्यक्तीमुळे. एकनाथ विठ्ठलराव विखे पाटील हे त्यांचे कागदोपत्री नाव. जिल्हा त्यांना बाळासाहेब म्हणूनच ओळखत असे. १९७१ मध्ये ते कोपरगाव मतदारसंघातून प्रथम लोकसभेवर गेले आणि २००९ मध्ये संसदेतून बाहेर पडले. या अडतीस वर्षांत ते आठ वेळा निवडून आले. त्यांपैकी सहा वेळा काँग्रेसचे, दोन वेळा शिवसेनेचे. मधल्या १९९१च्या निवडणुकीत ते अपक्ष लढले आणि पडले. पण त्या पराभवाचे पडसाद पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत उमटले.

एवढ्या दीर्घ कारकिर्दीचा हिशेब मांडताना पदांची जंत्री देणे सोपे असते. खरा प्रश्न निराळा आहे. पाणी, वीज, जमीन, सहकारी संस्थांची नोंदणी या शेतकऱ्याच्या जिव्हाळ्याच्या बाबी राज्य सरकारच्या अखत्यारीत येतात. मग दिल्लीत बसलेल्या खासदाराने आपल्या मतदारसंघासाठी नेमके करायचे तरी काय? बाळासाहेबांची कारकीर्द म्हणजे या प्रश्नाला उत्तर शोधण्याचा प्रयत्न होता. तो काही ठिकाणी यशस्वी झाला, काही ठिकाणी फसला.

लोणीचा वारसा

बाळासाहेबांचा जन्म १० एप्रिल १९३२ रोजी लोणी येथे झाला. वडील विठ्ठलराव विखे पाटील यांचे शालेय शिक्षण जुजबी; परंतु सावकारी पाश आणि खासगी साखर कारखानदारी या दोन्हींच्या मधे अडकलेला प्रवराकाठचा शेतकरी त्यांनी जवळून पाहिला होता. भंडारदरा धरण १९२६ मध्ये पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांनी या पट्ट्यात ऊस आणला. त्या उसावर पहिला हक्क सांगितला तो खासगी कारखान्यांनी. बेलापूर कंपनीने हरेगावात, तर महाराष्ट्र शुगर मिल्सने टिळकनगरात आपापले कारखाने उभारले. पाणी सरकारचे, घाम शेतकऱ्याचा आणि नफा कंपनीचा, अशी ती व्यवस्था होती.

या पार्श्वभूमीवर विठ्ठलरावांनी गावोगाव हिंडून भागभांडवल गोळा केले. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी कारखान्याचे अध्यक्षपद स्वीकारले आणि वैकुंठभाई मेहता यांच्यासारख्यांचे पाठबळ मिळाले. दिवसाला ५०० टन ऊस गाळण्याची क्षमता असलेल्या प्रवरा सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ मध्ये झाला. आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून तो ओळखला जातो. १९६१ मध्ये पंडित नेहरू प्रवरानगरला आले. त्याच वर्षी विठ्ठलरावांना पद्मश्री किताबाने गौरवण्यात आले.

म्हणजे बाळासाहेबांच्या हाती राजकारण आले ते संस्थेच्या अंगाने. आधी कारखाना, मग खासदारकी, हा क्रम महत्त्वाचा आहे. महाराष्ट्रातील पुष्कळ पुढाऱ्यांच्या बाबतीत सत्ता आधी आली आणि कारखाना नंतर. विख्यांच्या घरात ते उलटे घडले. त्यामुळे पक्ष बदलला, तिकीट नाकारले गेले, तरी पायाखालची जमीन सरकली नाही. त्याचीच दुसरी बाजू अशी, की संस्था आणि घराणे यांतील सीमारेषा पुसट होत गेली. सहकाराच्या व्यासपीठावर हे उघडपणे बोलले जात नसे. लोणीत तर नाहीच.

दिल्लीत साखरेचे काय चालते?

कोपरगाव मतदारसंघाचे १९६२ आणि १९६७ मध्ये प्रतिनिधित्व केले ते अण्णासाहेब शिंदे यांनी. हरितक्रांतीच्या काळात केंद्रातील शेती खात्याच्या राज्यमंत्रिपदी असलेले अण्णासाहेब १९७१ मध्ये अहमदनगर मतदारसंघात गेले आणि कोपरगावची जागा बाळासाहेबांकडे आली. उत्तरेकडचा हा मतदारसंघ कालव्यांचा, उसाचा, सहकारी कारखान्यांचा. दक्षिणेकडच्या पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेडच्या दुष्काळी टापूपेक्षा त्याचे प्रश्न वेगळे होते. अर्थात उत्तरेतही सर्वत्र पाणी नव्हते. संगमनेर, राहाता, कोपरगाव या तालुक्यांतील कितीतरी गावे कालव्यापासून हाकेच्या अंतरावर असूनही जिरायतीच राहिली होती. त्यांचा विषय पुढे येईलच.

ऊस पिकवणाऱ्या मतदारसंघाला खासदार का लागतो, हे आजच्या वाचकाला सांगावे लागेल. साखर ही जीवनावश्यक वस्तू. कारखान्याचा परवाना दिल्लीतून मिळे. १९९८ मध्ये ती परवाना पद्धत संपली. उसाचा किमान भाव दिल्ली ठरवी. कारखान्यात तयार झालेल्या साखरेचा ठरावीक हिस्सा लेव्ही म्हणून स्वस्त दरात केंद्राला द्यावा लागे. ही लेव्ही २०१३ मध्ये रद्द झाली. उरलेली साखर कोणत्या महिन्यात किती विकायची, हेही केंद्राच्या आदेशावर अवलंबून असे. निर्यात, बफर साठा, त्यावरचे व्याज, हे सारे केंद्राकडे. कारखान्याची नोंदणी आणि निवडणुका मात्र राज्याकडे, उसाचे पाणीही राज्याकडे. शेतकऱ्याच्या एका टनामागे किती रुपये पडणार, याचा निर्णय असा दोन राजधान्यांत विभागलेला होता.

प्राप्तिकराचे प्रकरण या दुभंगलेपणाचा उत्तम नमुना ठरावे. सहकारी कारखाने किमान दरापेक्षा जास्त भाव सभासदांना देत. शेतकऱ्याच्या दृष्टीने तो त्याच्या उसाचा मोबदला होता. प्राप्तिकर खात्याच्या दृष्टीने मात्र ती नफ्याची वाटणी होती, म्हणून करपात्र. वर्षानुवर्षे कारखान्यांवर कराच्या नोटिसा साचत गेल्या. १९९९ ते २००२ या काळात बाळासाहेब स्वतः केंद्रात अर्थ राज्यमंत्री होते. सहकारी साखर कारखानदारीत वाढलेला माणूस कर लावणाऱ्या खात्यात बसला होता. तरीही हा गुंता तेव्हा सुटला नाही. तो सुटला २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात. २०१६-१७ पूर्वीची अशी देणी खर्च म्हणून दाखवण्याची मुभा मिळाली आणि साखर सहकाराला सुमारे दहा हजार कोटी रुपयांचा दिलासा मिळेल, असे सांगण्यात आले. एका राज्यमंत्र्याचा अधिकार किती तोकडा असतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

जुलै २००२ मध्ये त्यांना वाजपेयी मंत्रिमंडळात अवजड उद्योग व सार्वजनिक उपक्रम खात्याचे कॅबिनेट मंत्रिपद मिळाले. ते वर्षभरही टिकले नाही. तोट्यातील सरकारी कारखाने, थकलेले पगार आणि निर्गुंतवणुकीचा जोर अशा काळात ते खाते म्हणजे काटेरी मुकुटच होता. या पर्वाबद्दल फारसे लिहावे असे काही नाही.

१९९१ : हरलेली निवडणूक, जिंकलेला खटला

देशाच्या सार्वजनिक जीवनात बाळासाहेबांचे नाव ज्यामुळे कायमचे नोंदले गेले, ती गोष्ट संसदेच्या सभागृहातली नाही, न्यायालयातली आहे.

१९९१ च्या लोकसभा निवडणुकीत ते काँग्रेसबाहेर होते आणि अहमदनगर मतदारसंघातून अपक्ष म्हणून उभे राहिले. समोर काँग्रेसचे यशवंतराव गडाख. गडाखही सहकारातले मातब्बर, शिवाय साहित्याची जाण असलेले नेते. राज्याचे मुख्यमंत्री शरद पवार यांनी गडाखांसाठी सभा घेतल्या. लढत अटीतटीची झाली आणि गडाख विजयी झाले. बाळासाहेबांनी निवडणूक याचिका दाखल केली. प्रचारसभांतून आपण पैसे व वस्तू वाटत असल्याचे खोटे आरोप करून आपले चारित्र्यहनन केले गेले, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता.

लोकप्रतिनिधित्व कायद्यातील कलम १२३ (४) हे कायद्याच्या पुस्तकात होते. पण ते सिद्ध करणे महाकठीण. उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याविषयीचे विधान वस्तुस्थितीदर्शक असावे लागते. ते खोटे असावे लागते, बोलणाऱ्याला ते खोटे असल्याचे ठाऊक असावे किंवा खरे असल्याचा विश्वास नसावा लागतो आणि त्याने निवडणुकीतील यशाला बाध येण्याजोगे असावे लागते. सभेतले भाषण वाऱ्यावर विरते. ते न्यायालयात उभे करायचे कसे? या खटल्यात सभांचे वृत्तांत, ध्वनिफिती, साक्षीदार असा सारा पुरावा तपासला गेला. ३० मार्च १९९३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने गडाखांची निवड रद्द ठरवली आणि शरद पवारांवरही ठपका ठेवला.

दोघांनीही सर्वोच्च न्यायालयात अपील केले. १९ नोव्हेंबर १९९३ रोजी न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या पीठाने निकाल दिला. गडाखांची निवड रद्दच राहिली. पवारांवरील ठपका मात्र दूर झाला. प्रचाराची पातळी राखण्याची जबाबदारी सर्वप्रथम वरिष्ठ नेत्यांची आहे, खालचे कार्यकर्ते त्यांचेच अनुकरण करतात, अशा आशयाची चिंता न्यायालयाने व्यक्त केली. ‘गडाख विरुद्ध विखे’ हा खटला तेव्हापासून निवडणूक कायद्याच्या अभ्यासात हमखास उद्धृत होतो.

बाळासाहेबांच्या पदरात जागा काही पडली नाही. १९९४ मध्ये पोटनिवडणूक होऊन काँग्रेसचे मारुती शेळके निवडून आले. बाळासाहेब लोकसभेत परतले ते १९९८ मध्ये, शिवसेनेच्या तिकिटावर, त्याच अहमदनगरमधून. १९९९ मध्ये ते पुन्हा कोपरगावातून शिवसेनेतर्फे निवडून गेले आणि २००४ मध्ये काँग्रेसमध्ये परतून तीच जागा राखली. या पक्षांतराबद्दल त्यांच्यावर टीका झाली आणि ती अनाठायी नव्हती. आणीबाणीनंतरच्या १९७७ च्या लाटेत राज्यातल्या ४८ पैकी अवघ्या २० जागा काँग्रेसला मिळाल्या, त्यांत कोपरगाव होते. असा भरवशाचा मतदारसंघ आपल्या नेत्याबरोबर पक्ष ओलांडत राहिला. मतदार पक्षाचा नव्हे, प्रवरेचा होता, असे त्याचे समर्थन केले जाते. ते अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे सत्य कारखाना, शाळा, रुग्णालय आणि बँक यांच्या जाळ्यात आहे.

खासदारकीबाहेरचा खासदार

हे जाळे नेमके कसे होते? प्रवरानगरची निवासी शाळा १९६४ मधली. १९७२ मध्ये वैद्यकीय न्यास स्थापन झाला आणि पुढे लोणीत रुग्णालय उभे राहिले. खेड्यातील वैद्यकीय महाविद्यालय ही कल्पना तेव्हा पुण्या-मुंबईच्या डॉक्टरांना हास्यास्पद वाटण्याजोगी होती. लोणीत ते १९८४ मध्ये सुरू झाले. अभियांत्रिकी, तंत्रनिकेतन, औषधनिर्माण, कृषी अशा शाखा वाढत गेल्या. विनाअनुदानित महाविद्यालयांचे धोरण राज्याने १९८३ च्या सुमारास स्वीकारले, त्याचा लाभ सहकारातील नेत्यांनी उचलला, त्यांत प्रवरा आघाडीवर होती. २००३ मध्ये वैद्यकीय संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

शेतकऱ्याच्या मुलाला गावाजवळ तंत्रशिक्षण मिळाले आणि बाळंतपणासाठी नगर किंवा नाशिक गाठण्याची सक्ती संपली, हे मोठेच काम. महाविद्यालयांचे शुल्क त्याच शेतकऱ्याच्या आवाक्यात किती राहिले, हा प्रश्नही तितकाच रास्त आहे.

विजेच्या बाबतीत मात्र प्रयोग शोकांत ठरला. ग्रामीण विद्युतीकरण निगमाची स्थापना १९६९ मध्ये झाली आणि अमेरिकेतील ग्रामीण वीज सहकारी संस्थांच्या धर्तीवर देशात काही मोजक्या संस्था उभ्या राहिल्या. मुळा-प्रवरा ही त्यांपैकी महाराष्ट्रातील एकमेव. ग्राहकच मालक, ही कल्पना आकर्षक होती. मंडळाकडून घाऊक वीज घ्यायची आणि श्रीरामपूर, राहुरी परिसरातील गावांना वाटायची. पण कृषिपंपांचे दर राजकारणाने ठरू लागले, वसुली घटली आणि थकबाकी डोंगराएवढी झाली. ३१ जानेवारी २०११ रोजी संस्थेचा परवाना संपला आणि वितरण महावितरणकडे गेले. तोट्याचे खापर कोणी सरकारी धोरणावर फोडले, कोणी संस्थेच्या कारभारावर. दोन्हींत तथ्य आहे. विख्यांच्या प्रभावक्षेत्रातील ही संस्था बुडाली, ही गोष्ट त्यांच्या गौरवपर लेखांतून सहसा गाळली जाते.

पाणी : जन्मभराचा विषय

आता पाण्याकडे वळू. बाळासाहेबांची ओळख पुढच्या काळात ‘पाण्यावर बोलणारा खासदार’ अशी झाली, आणि येथेच स्थानिक व राष्ट्रीय हा भेद गळून पडतो.

भंडारदऱ्यात सुमारे ११ टीएमसी पाणी मावते, मुळा धरणात २६. खाली पैठणला जायकवाडीची एकूण क्षमता १०० टीएमसीहून अधिक. जायकवाडीची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी केली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी प्रकल्पाचे उद्घाटन केले. या धरणाचा ध्यास घेतला तो शंकरराव चव्हाणांनी. बाळासाहेब हे शंकररावांचे निकटवर्ती म्हणून ओळखले जात. ज्या धरणासाठी पुढे नगर-नाशिकचे पाणी सोडावे लागले, ते धरण त्यांच्याच राजकीय गुरुस्थानी असलेल्या नेत्याचे स्वप्न! जिल्ह्याच्या राजकारणात यापेक्षा मोठा विरोधाभास सापडणे अवघड.

२००५ मध्ये राज्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला. खोऱ्यातील पाण्याचे समन्यायी वाटप हे त्यातील तत्त्व. टंचाईच्या वर्षी वरच्या धरणांनी खालच्या धरणासाठी पाणी सोडायचे, असा त्याचा व्यवहारातील अर्थ. मेंढेगिरी अभ्यासगटाने २०१३ मध्ये त्याचे सूत्र सांगितले : १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांखाली असेल, तर वरून पाणी सोडावे. नगर-नाशिकच्या कालव्यांवर शंभर वर्षे पोसलेला शेतकरी बिथरला. औरंगाबाद, जालन्याच्या तहानलेल्या माणसाची बाजूही खोटी नव्हती. नगर-नाशिकमधील शेतकरी व संस्था न्यायालयात गेल्या. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये प्राधिकरणाचा आदेश कायम ठेवला.

या भांडणावर बाळासाहेबांचा उपाय वेगळा होता. आहे त्या पाण्यावरून खोऱ्यातले दोन भाग भांडत बसण्यापेक्षा खोऱ्यात पाणीच वाढवा, असे ते सांगत. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर पडणारा प्रचंड पाऊस कोकणातून समुद्राला मिळतो. त्यातला काही भाग घाटमाथ्यावर अडवून पूर्वेकडे, गोदावरीच्या तुटीच्या खोऱ्यात वळवा, हा विचार त्यांनी सातत्याने मांडला. नकाशावर पाहिले तर अंतर थोडे आहे. प्रत्यक्षात उपसा, बोगदे, वीजखर्च, वनजमीन आणि कोकणचा स्वतःचा हक्क अशा अडचणी आहेत. म्हणून हा विचार भाबडा आहे, असे अनेक जलतज्ज्ञ म्हणत. उसासारखे पीक तसेच ठेवून पाणी वाढवत राहायचे, तर कितीही वळवले तरी पुरणार नाही, हा आक्षेप तर अधिकच गंभीर. तो बाळासाहेबांनी पुरेशा गांभीर्याने घेतला, असे वाटत नाही. उसाच्या मतदारसंघातून निवडून येणाऱ्या माणसाकडून ती अपेक्षा करावी काय, हे ज्याचे त्याने ठरवावे. तरीही पाणी वळवण्याचा विषय राज्याच्या नियोजनात टिकून राहिला.

आणि ती जिरायती गावे? प्रवरेवर भंडारदऱ्याच्या खाली आणखी एक धरण बांधून संगमनेर, राहाता, कोपरगाव, राहुरी, अकोले आणि शेजारच्या सिन्नरच्या कोरड्या टापूला पाणी द्यायचे, ही योजना १९७० मधली. तेव्हाचा खर्च आठ कोटींच्याही आत. धरणाची जागा बदलली, विस्थापितांच्या पुनर्वसनाचे प्रश्न आले, धरण निळवंड्याला झाले, पण कालवे रखडले. ज्या वर्षी योजना कागदावर आली त्याच्या पुढच्याच वर्षी बाळासाहेब प्रथम खासदार झाले. त्यांची आठवी कारकीर्द संपली तरी कालव्यातून पाणी वाहिले नव्हते. त्याचे श्रेय आणि दोष यांवरून विखे आणि संगमनेरचे थोरात या दोन गटांत दीर्घकाळ जुगलबंदी चालली. अकोल्यातील शेतकऱ्यांना आपल्या सुपीक जमिनीतून उघडे कालवे नको होते. केंद्रीय जल आयोगाच्या मान्यता आणि निधी यांसाठी दिल्लीच्या फेऱ्या झाल्या, लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांनी न्यायालयाचे दारही ठोठावले. दिल्लीतील खासदाराची उपयुक्तता येथे मर्यादित होती. तो मान्यतेची फाइल पुढे सरकवू शके, कालवा खोदू शकत नसे.

२००८ मध्ये मतदारसंघांची फेररचना झाली. कोपरगाव हे नाव लोकसभेच्या यादीतून गेले, त्या जागी शिर्डी हा राखीव मतदारसंघ आला आणि बाळासाहेबांची संसदीय कारकीर्द तेथेच थांबली. २०१० मध्ये त्यांना पद्मभूषण सन्मान मिळाला. ३० डिसेंबर २०१६ रोजी लोणी येथे त्यांचे निधन झाले. ‘देह वेचावा कारणी’ हे त्यांचे आत्मचरित्र पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते १३ ऑक्टोबर २०२० रोजी प्रकाशित झाले. त्याच दिवशी प्रवरा ग्रामीण शिक्षण संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. पुत्र राधाकृष्ण १९९५ पासून विधानसभेत आहेत आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्यांच्याकडे गोदावरी व कृष्णा खोऱ्यांचे जलसंपदा खाते आले. नातू सुजय २०१९ ते २०२४ या काळात अहमदनगरचे खासदार होते.

निळवंड्याच्या ८५ किलोमीटर लांबीच्या डाव्या कालव्यात पाणी सोडण्याचा समारंभ २६ ऑक्टोबर २०२३ रोजी झाला. लाभक्षेत्रात १८२ गावे धरली आहेत आणि प्रकल्पाचा खर्च ५,१७७ कोटी रुपयांवर गेला आहे. १९७० मध्ये ज्यांनी या पाण्याची वाट पाहायला सुरुवात केली, त्यांतल्या अनेकांच्या जमिनी आता नातवांच्या नावावर आहेत.